गच्चीवरचे पावणे

शेटजींनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. आमच्या मराठवाड्यात नव्या माणसाला आधी तांब्याभर पाणी देतात आणि त्याचं पाणी पिऊन होण्याच्या आत ‘पाव्हणे, गाव कुठलं?’ असं विचारतात. शेटजींनी पाणी दिलं आणि म्हणाले, “माट्साब, जोडा दाखवा.”

मी पाय पुढे केला. तेवढ्याने भागलं नाही. त्यांनी बूट काढायला लावला, उलटा केला आणि टाचेवरून अंगठा फिरवला. टाचेला नाल होती. मी नुकताच हैदराबादेहून बीएस्सी होऊन जालन्याच्या एका हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो होतो. धावड्यासारख्या खेड्यातून आलेल्या माणसाला चालताना टकटक वाजणारा बूट म्हणजे काय चीज वाटते, ते बूट न वाजवणाऱ्यांना कळायचं नाही.

“खोली तुमची,” शेटजी म्हणाले. “पण गच्चीवर ह्ये घालून जायाचं न्हाई. उघड्या पायानं जायाचं. वर झाडू मारायचा न्हाई, काही वाळत घालायचं न्हाई, विडी वढायची न्हाई. बिलकुल न्हाई.”

“वर देव आहेत का?”

“देव न्हाई. पावणे उतरतात.”

मला वाटलं, भूतबाधेचं काही प्रकरण असणार. पण खोली हवेशीर होती, शाळा पाच मिनिटांवर होती आणि भुतांवर विश्वास नसणं हे तर माझ्या पदवीतच धरलेलं होतं. मी बूट हातात घेऊन राहायला गेलो.

शेटजींचे पणजोबा मारवाडातून आले होते. घराणं जैन, धंदा कापसाचा. गावाबाहेर त्यांचं जिनिंग होतं, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, पण तिथलं सगळं थोरला मुलगा भागचंद बघायचा. शेटजी अंगाने वाळलेले, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, गळ्यात काळ्या दोऱ्याला घड्याळजीचं भिंग. कोटाच्या डाव्या खिशात सोन्याचं घड्याळ आणि उजव्या खिशात जुन्या ऑइल इंजिनातून काढलेलं लोहचुंबक. चुंबकाच्या शेजारामुळे घड्याळ बिचारं कायमचं बंद पडलेलं. शेटजी ते रोज चावी देऊन खिशात ठेवत आणि वेळ दुसऱ्याला विचारत. दुरुस्त का करत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “दोघांपैकी एक जण खरं बोलून राह्यला ना, मंग झालं.”

बाजारात त्यांना धूळशेट म्हणत. तोंडावर नाही, पण आवाज फार खालीही आणत नसत. शेटजींच्या कानावर ते होतं. “धूळच हाय,” ते म्हणायचे, “झूट कुठं बोलतात?”

ही धूळ त्यांना सापडली ती पाणी गाळताना. मारवाड्यांच्या जुन्या घरांत अंगणात टाकं असतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून खाली येतं आणि टाक्यात साठतं. जैनाचं घर म्हणजे पाणी गाळल्याशिवाय घेणं नाही. त्यातही गाळलं आणि फडकं झटकलं असं चालत नाही. फडक्यावर जे राहील ते ज्या पाण्याचं त्याच पाण्यात परत सोडायचं, का तर त्यात जीव असतात. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली भाद्रपदात गावाची दारं लागलेली, दुकान बंद, करायला काही नाही, म्हणून शेटजी चार दिवस पन्हाळीखाली फडकं धरून बसले. फडक्यावर काळी कणी जमली. ती जिवंत आहे की काय हे बघायला त्यांनी भिंग लावलं, आणि कणीत एक दाणा दिसला: काळा, चकचकीत आणि इतका गोल की कुणी मुद्दाम घडवावा. चुंबक जवळ नेलं तर तो उडी मारून चिकटला. पुढे कलकत्त्याच्या भाचीकडून येणाऱ्या एका हिंदी मासिकात त्यांनी वाचलं की आभाळातून रोज बारीक धूळ पडत असते, ताऱ्यांमधल्या पोकळीतली, आणि तिच्यातले काही कण हवेत वितळून गोल होतात. त्या दिवसापासून गच्चीला झाडू लागला नाही.

झाडू नको म्हणजे खराटा नको. जैन घरांत जीव न दुखावता केर सारायला लोकरीची मऊ पूंजणी असते. शेटजी तिने दर आठवड्याला गच्ची हलक्या हाताने सारून घेत. मग ती धूळ पाण्यात खळबळायची, वरचं गढूळ ओतायचं, खाली राहील ते वाळवायचं, कागदात गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवायचं. कागद सोडवला की काळी पूड पांढऱ्या ताटात पडे. त्या पुडीत भिंग डोळ्याला लावून, ओल्या सुईच्या टोकाने, सकाळचं ऊन असेतो ते गोल दाणे वेचत. एखादा मिळाला की खालून हाक यायची, “माट्साब, जल्दी या. पावणे आलेत.” दाणे ठेवायला होमिओपॅथीच्या बुचाच्या नळ्या होत्या. कुठल्या महिन्यात कोण उतरला ते वर चिठ्ठीवर. सगळ्यांत आधी सापडलेला दाणा सगळ्यांत मोठा होता, म्हणजे खसखशीहून थोडा लहान. त्याची नळी वेगळी, चांदीच्या करंड्यात. तो थोरला पावणा.

‘पावणा’ या शब्दाने माझी मोठीच सोय केली. माझं सगळं विज्ञान निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. शाळा नुकती मराठी झाली होती आणि मी वर्गात ‘शहाबे साक़िब’ म्हणालो की पोरं खुदखुदायची. हेडमास्तरांनी सांगितलं, उल्का म्हणा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चमकते ती उल्का, खाली पडतो तो अशनी, घोटाळा करू नका. मी अशनी म्हणालो तर एका मुलाने विचारलं, म्हणजे शनीचा कोण? शेवटी मी फळ्यावर गोल काढला आणि म्हणालो, हा वरून आलेला पाहुणा. सगळा वर्ग समजला.

पाहुण्याचं येणं कसं होतं हे मी शेटजींना समजावून सांगायचो आणि ते ते ऐकून मलाच परत समजावून सांगायचे. मी म्हणायचो, कण फार वेगाने येतो, बंदुकीच्या गोळीहून कितीतरी जास्त. वर हवा विरळ असते, तरी इतक्या वेगापुढे ती दाबली जाते, तापते आणि कणाला वितळवते. दोन-चार सेकंदांचा खेळ. वितळलेला थेंब आपोआप गोल होतो, त्याच्यातलं गंधकासारखं उडून जाणारं असेल ते उडून जातं, लोखंडाला हवेतला प्राणवायू मिळून वर काळी साल धरते. मग वेग संपतो, तो निवतो आणि साध्या धुळीसारखा तरंगत तरंगत खाली येतो.

“म्हणजे बुंदी,” शेटजी म्हणायचे. “झाऱ्यातून निघताना कशी बी आसंना, तुपात गोलच होती. पण सगळेच कुठं वितळतात? काही तर जसे निघाले तसेच येतात म्हणता ना तुम्ही?”

“जे बारीक असतात, हळू येतात, सरळ न येता तिरपे घुसतात, ते कमी तापतात.”

हे ‘तिरपे’ त्यांनी जे धरलं ते सोडलं नाही. सरळ येणारा जळतो, तिरपा येणारा शाबूत उतरतो, हा त्यांनी जगायचा नियमच करून टाकला. टांगेवाला गल्लीत भरधाव आला की ओट्यावरून ओरडत, “तिरपा ये रे.” भागचंदला काही सांगायचं तर आधी त्याच्या मुलीचा खोकला विचारत, मग पांढऱ्या ढगांचं बोलत आणि मग मुद्द्यावर येत. माझ्या खोलीत यायचे तेही अंग चोरून, दाराच्या कडेने. एकदा शेजारच्या घरी मयत झालं आणि त्यांच्या नात्यातल्या एका बाईंना निरोप द्यायला शेटजींना पाठवलं. ते त्या बाईंशी तासभर ज्वारीच्या भावाचं बोलत बसले. शेवटी बाईंनीच विचारलं, “कोण गेलं, शेटजी?”

घरात ह्या पावण्यांचा जाच सगळ्यात जास्त शेटाणीबाईंना. उन्हाळ्यात सगळ्या जालन्याच्या गच्च्या पापडांनी भरायच्या आणि ह्यांच्या घरचे पापड दोन घरं पलीकडे वाळायचे. कबुतरांना ज्वारी टाकायची ती गच्चीवर नको, चौकात टाका. दिवाळीत तर कहर. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो, त्याच्या ठिणग्या निवल्या की गोल काळे दाणे होतात, हे कळल्यापासून शेटजी दिवाळीचे आठ दिवस गच्चीवर जिनिंगची ताडपत्री घालत आणि रोज वर जाऊन तिची टोकं दाबत. शेटाणीबाई म्हणायच्या, “लक्ष्मी वरून येती म्हणून सगळं गाव दारं उघडी ठिवून बसतं. आमच्या घरावर ताडपत्री.” पण कुणी पाहुणी बाई चुकून चप्पल घालून जिना चढायला लागली की ह्याच आधी ओरडायच्या.

इतकं सगळं सुखाने चाललं होतं, ते मी बिघडवलं. शहाण्या माणसाला एक खाज असते आणि मी तेव्हा फार शहाणा होतो.

सखाराम लोहाराचा भाता आमच्या गल्लीच्या टोकाला होता. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यानेच. एका रविवारी मी शेटजींचंच चुंबक मागून घेतलं आणि त्याच्या ऐरणीखालच्या मातीतून फिरवलं. घरी आणून पूड ताटात झाडली, भिंग लावलं. गोल, काळे, चकचकीत दाणे. तापलेल्या लोखंडावर घण पडला की ठिणग्या उडतात, त्याही वितळलेल्याच असतात, त्याही हवेतच गोल होतात, त्यांच्यावरही काळी साल धरते. मला शोध लागल्याचा आनंद झाला. ताट घेऊन मी ओसरीवर गेलो आणि भागचंदच्या देखत शेटजींपुढे ठेवलं.

“ह्यातले पावणे ओळखा,” मी म्हणालो.

शेटजींनी भिंग लावलं. त्यांचा चेहरा खुलला. “एवढे? एका दिवसात? कुठं उतरले?”

“सखारामच्या ऐरणीखाली.”

हे मी सरळ सांगितलं. थोडं तिरपं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? शेटजींनी भिंग खाली केलं, ताटाकडे पाहिलं, मग कपाटातल्या नळ्यांकडे. आणि उठून आत गेले. त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही स्वतःची लाज वाटते.

भागचंद वाईट मुलगा नव्हता. त्याची अडचण खरी होती. जिनिंगचं मशीन बिघडलं की सुटा भाग औरंगाबादेला धाडावा लागे आणि ऐन हंगामात कारखाना आठवडाभर बसून राही. जिनिंगच्या आवारात कापूस, तिथे ठिणगी नको, म्हणून त्याला घराच्या पुढच्या अंगणात सखारामचा भाता आणि लोखंड कातायची एक लेथ बसवायची होती. शेटजी दोन वर्षं नाही म्हणत होते, का तर ठिणग्या गच्चीवर येतील, मग पावणा कुठला आणि गावचा कुठला हे कळायचं कसं? माझ्या ताटाने भागचंदचं काम सोपं केलं.

“बापूजी,” तो संध्याकाळी म्हणाला, “तसंही कळून कुठं राह्यलंय? सखाराम टोकाला हाय, रेल्वेचं इंजिन रोज धूर सोडतंय. तुमच्या नळ्यांत सगळा गावचाच माल आसंल. माझं एकच म्हणणं हाय. एक दाणा, फक्त एक दाणा वरून आल्ता असं माट्साबांनी दाखवलं, तर मी परत अंगणाचं नाव काढणार न्हाई. न्हाई तर आखातीजेला इथं भाता बसंल अन् गच्ची साफ झाडून घेऊ.”

अक्षय्य तृतीयेला अडीच महिने होते. शेटजी ‘बराबर’ म्हणाले. पुढचे तीन दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, कडेला नाही, मधोमध.

“माट्साब, आज सरळच आलोय,” ते म्हणाले. “बिघडवलं तुम्ही. निस्तरा बी तुम्हीच. हे पावणे नसले तर मी इतकी साल काय करून राह्यलो, ह्ये मला कळाया पाहिजे. गच्ची गेली तर जाऊ द्या. पण मला गाव कळाया पाहिजे ह्यांचं.”

पाहुण्याला गाव विचारायची ती त्यांची पहिली वेळ.

मी औरंगाबादेला गेलो. तिथल्या कॉलेजात माझ्या ओळखीचा एक डेमॉन्स्ट्रेटर होता. त्याने कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं की समुद्राच्या तळाच्या चिखलात असेच काळे गोल दाणे सापडले आहेत, जिथे ना लोहार ना रेल्वे. आणि अवकाशातून आलेल्या लोखंडात निकेल असतं. लोहाराच्या लोखंडात ते नसतं. निकेल ओळखायला एक पांढरी पूड असते, तिचा द्राव टाकला की निकेल असेल तिथे गुलाबी रंग येतो. गाडीची वेळ झाली होती. मी पुस्तकातलं पान भराभर वहीत उतरवून घेतलं, डेमॉन्स्ट्रेटरकडून कागदाच्या पुडीत ती पूड आणली आणि येताना डब्यात मनातल्या मनात भागचंदला गुलाबी रंग दाखवत बसलो.

दुसऱ्या रविवारी ओसरीवर सगळं मांडलं. शाळेतून आणलेलं ॲसिड, अमोनिया, घड्याळाच्या काचेसारख्या दोन वाटग्या. मध्येच लोखंडाने गढूळपणा करू नये म्हणून लिंबूसत्त्व लागतं, ते शेटाणीबाईंच्या फोडणीच्या डब्याशेजारून आलं. शेटजींनी चार बारीक दाणे दिले. मी ते ॲसिडात पाच मिनिटं ठेवले, वरचं पाणी काढून घेतलं, लिंबूसत्त्व घातलं, अमोनिया घातला. सगळ्यांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली. मग मी पुडीचा द्राव सोडला.

काही झालं नाही. पाणी पाण्यासारखंच राहिलं. मी थोडा वेळ थांबायला सांगितलं. थांबलो. भागचंदने अंगणाकडे बघून पावलं मोजल्यासारखी नजर फिरवली.

शेटजी हळूच म्हणाले, “सरळ आलात, माट्साब.”

त्या दिवशी शाळेच्या वह्या तपासताना माझी स्वतःची वही हाती लागली. घाईत उतरवून आणलेल्या पानावर एक वाक्य होतं, मीच लिहिलेलं आणि मीच न वाचलेलं. दाणा हवेतून येताना वितळतो तेव्हा बाहेरच्या लोखंडाला प्राणवायू मिळतो आणि त्याची काळी साल होते. निकेलला प्राणवायूची तितकी ओढ नाही. ते मागे सरकत जातं आणि आतल्या धातूच्या मण्यात साठून राहतं. म्हणजे जी साल मी ॲसिडाने धूत होतो ती तर हवेची करणी होती. प्रत्येक दाण्याची साल तशीच असणार, लोहाराची असो की आभाळाची. आपलं गाव तो आत धरून बसला होता. दाणा फोडायला हवा होता. आणि निदान पहिल्यांदा फोडून बघण्याइतका मोठा दाणा एकच होता, थोरला पावणा.

शेटजींनी ऐकून घेतलं आणि चांदीचा करंडा मांडीखाली घेतला.

“पावण्याला घरी बोलावून त्याचं डोकं फोडायचं?” ते म्हणाले. “एवढ्या लांबून आला. एवढ्या आगीतून आला. सगळं उडून गेलं बिचाऱ्याचं, थोडंसं आत धरून ठिवलंय, ते बी आपण काढून घ्यायचं?”

“मग कळणार कसं?”

“नकोच कळायला. बसू द्या भाता.”

 मला रडू यायला लागलं. पंचावन्न वर्षांचा माणूस गच्ची सोडायला तयार होता, पण दाणा फोडायला तयार नव्हता, आणि हे सगळं माझ्या एका ताटापायी. तेव्हा आतून शेटाणीबाई आल्या, हात पुसत.

“पोरींच्या सोयरिकी जमवताना समोरच्याचं गोत्र विचारता, आजोळ विचारता, आजोळाचं आजोळ विचारता,” त्या म्हणाल्या. “तिथं कुणाचं डोकं फुटलं का? ह्याला एक गाव विचारायला काय लाज वाटून राह्यली? अन् माझे पापड इतकी साल ज्याच्यापायी दुसऱ्याच्या गच्चीवर वाळले, तो हाय तरी कोण, ह्ये मला बी कळू द्या की.”

शेटजींनी करंडा मांडीखालून काढून समोर ठेवला. मग म्हणाले, “मारील कोण? माझा हात चालायचा न्हाई.”

माझाही चालला नसता. इतका बारीक दाणा हातोडीखालून उडाला तर जन्मात सापडला नसता. शेवटी सखारामला बोलावलं. काय आहे, कशासाठी आहे, दाणा वरचा निघाला तर त्याचा भाता अंगणात बसणार नाही, हे सगळं शेटजींनी त्याला सांगितलं. तेही सरळ सांगितलं. सखाराम डोकं खाजवत म्हणाला, “मारतो की, शेटजी. मारायला काय जातंय? पण माझ्या बी ऐरणीखालचा एक घ्या मंग. दोघांना विचारा. एकट्या पावण्यालाच कशाला?” हे मला, विज्ञानाच्या मास्तरला, सुचायला हवं होतं.

सोनाराकडून छोटी ऐरण आणली. पतंगाच्या कागदाच्या घडीत थोरला पावणा ठेवला. शेटजींनी डोळे मिटून हात जोडले, ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. सखारामने हातोडी वीतभरच उचलली आणि अगदी अलगद टाकली, तान्ह्या मुलाला थोपटावं तशी. घडी उघडली. भिंगातून बघितलं तर काळी साल फुटून बाजूला पडली होती आणि मधे एक चपटा झालेला, पांढुरका, चमकणारा मणी होता. मी तो शेटजींना दाखवला. ते म्हणाले, “आत अजून तसाच हाय.”

तशाच दुसऱ्या घडीत मग सखारामचा दाणा फोडला. दोन वाटग्या, दोघांना सारखं ॲसिड, सारखं लिंबूसत्त्व, सारखा अमोनिया. आधी सखारामच्या वाटगीत द्राव सोडला. काही नाही. “आपलाच हाय,” सखाराम म्हणाला. मग थोरल्या पावण्याच्या वाटगीत सोडला. एक थेंब बाहेर पडला. पाण्यात काही क्षण काहीच दिसलं नाही. मग मधोमध, जिथे तो मणी विरघळला होता तिथून, गुलाबी रंग उमलायला लागला. फिका, पण गुलाबीच. होळी खेळलेलं धोतर तिसऱ्यांदा धुतल्यावर पाण्याला येतो तेवढा.

 शेटाणीबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, चांगल्या घरचा निघाला.”

भागचंदने वाटगी उचलून उजेडात धरली, सखारामची दुसऱ्या हातात धरली, दोन्हींकडे आलटून पालटून पाहिलं, परत ठेवली आणि वडिलांच्या पाया पडला. अंगणाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. सखारामला शेटजींनीच जिनिंगच्या मागे जागा दिली, घरापासून आणि कापसापासून लांब. तिथे भाता बसला, पुढे लेथही आली, आणि आखातीजेला पहिला घण शेटजींनी स्वतः मारला.

पण त्या दिवशी ओसरीवर एक गोष्ट राहून गेली होती. मी भांडी आवरायला लागलो आणि वाटगी मोरीत ओतणार, तोच शेटजींनी माझा हात धरला.

“गाळलेलं ज्या पाण्याचं त्याच पाण्यात सोडायचं असतं, माट्साब,” ते म्हणाले. “ह्याला कुठं सोडू?”

 ते वाटगी दोन्ही हातांत धरून उघड्या पायांनी जिना चढले. मी मागे गेलो. गच्चीच्या मधोमध त्यांनी ती ठेवली आणि आम्ही दोघं उन्हात बसून राहिलो. चैत्राचं ऊन होतं. पाणी बघता बघता वर जात होतं. “येताना जळत आल्ता,” शेटजी म्हणाले, “जाताना आरामात जाऊन राह्यला.” वाटगीच्या तळाशी गुलाबी डाग राहिला. ती वाटगी मी शाळेत परत केली नाही, हरवली म्हणून लिहिलं. एवढी एक लबाडी मी नोकरीत केली आहे.

दुसऱ्या दिवसापासून शेटजी पुन्हा पूंजणी घेऊन गच्चीवर. माझ्या अंगात मात्र आता विज्ञान संचारलं होतं. नळ्यांमध्ये दोनशेच्या वर दाणे होते. मी म्हणालो, एकेक फोडून बघू, किती वरचे आणि किती सखारामचे ते कळेल, कुठल्या तरी अंकात छापूनही येईल.

“एकानं सांगितलं, बास,” शेटजी म्हणाले. “आता ह्या सगळ्यांच्या घरी जाऊन चौकशा कशाला? सखारामचा आसंल तरी काय झालं? माझ्या गच्चीवर उतरला ना तो.”

एकोणीसशे एकोणसाठ साली माझी भोकरदनकडे बदली झाली. निघायच्या दिवशी शेटजी माझ्या खोलीत आले, दाराच्या कडेने, अंग चोरून. आधी पिंपळगाव रेणुकाईच्या देवीचं बोलले, मग तिकडच्या कापसाचं, मग मोटारस्टँडवर किती वाजता जायचं ते विचारलं, कारण घड्याळ बंदच होतं. मग कोटातून एक बुचाची नळी काढून माझ्या हातात ठेवली आणि वळून निघून गेले. आत एक दाणा होता. चिठ्ठीवर फक्त महिना होता, आषाढ.

शेटजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जिथे सखारामचा भाता होता त्याच्या बऱ्याच पलीकडे एमआयडीसी झाली, लोखंडाच्या मिला आल्या. आता जालन्यातल्या कुठल्याही गच्चीवर चुंबक फिरवलं तर मूठभर गोल काळे दाणे निघतील आणि त्यातला पाहुणा कोण हे शेटजींनाही सांगता आलं नसतं. मी सगळा जन्म विज्ञान शिकवलं. ॲसिड, अमोनिया आणि ती पांढरी पूड तीस वर्षं माझ्या हाताशी होती, आणि लिंबूसत्त्व तर घरातच असतं. नळी माझ्या टेबलाच्या खणात आहे. नातवंडं विचारतात, आजोबा, हे काय आहे? मी सांगतो, पाहुणा आहे. कुठून आला, विचारतात.

मी अजून त्याला विचारलेलं नाही.